वळणावरचा रिकामा डबा

मुकुंदा,

तुझी गाडी शेवटी मीच बंद केली.

त्या मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी लखनौत, आलमबागच्या घरी दाढी करत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या. हे गेले." अर्धी दाढी तशीच पुसली आणि निघालो. मेट्रोनं हज़रतगंज, तिथून ऑटोनं गोमती नगर. पोचायला तास-सव्वा तास लागला असेल. डॉक्टर येऊन कागद लिहून गेले होते. शेजाऱ्यांनी तुला वरून खाली आणून हॉलमध्ये ठेवलं होतं. मी तुझ्याजवळ टेकणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी वर जा आणि ती बंद करा हो. मला काही कळत नाही त्यातलं, आणि कुणी हात लावायला तयार नाही."

तेव्हा कुठे मला ऐकू आलं. गच्चीवरच्या खोलीतून, त्या एवढ्याशा चाकांची टकटक.

वर खुर्ची आडवी पडली होती. तुझा चष्मा प्लायवूडच्या कडेला, घडी घालून ठेवलेला. आणि गाडी फिरत होती. तू लावून ठेवलेल्या चालीनं, मुंगीच्या पावलानं, जराही धक्का न देता. इंजिनामागे सात डबे आणि सगळ्यात शेवटी तो तपकिरी, रिकामा डबा. गाडी खिडकीजवळच्या वळणावर आली तेव्हा मी श्वास रोखून धरला. डबा पडला नाही. पुढच्या फेरीतही नाही. खाली तू तसा पडलेला आणि वर मी तीन फेऱ्या बघत उभा राहिलो, हे मी वहिनींना सांगितलेलं नाही. मग नॉब मागे फिरवला.

ती टकटक अजून थांबलेली नाही. दुपारी जेवून आडवा झालो की ऐकू येते. पहिल्यांदा वाटलं, पंखा असेल. उठून पंखा बंद केला. नंतर बंद करायला काहीच उरलं नाही.

तू डब्यांचा माणूस, मी रुळांचा. मी अमरावतीचा, तू मिरजेचा, आणि चाळीस वर्षांत आपलं भांडण एकच. गाडी घसरली की मी म्हणायचो चाक, तू म्हणायचास रूळ. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत एकाच जिन्यावर राहायचो तेव्हा माझी सुमन आणि शैलावहिनी आपल्याला जेवायला वेगवेगळं बसवायच्या, आठवतं? रिटायर झाल्यावर तू गोमती नगरात घर बांधलंस आणि गच्चीवर एक खोली काढलीस. वास्तुशांतीला सगळे विचारत होते, पूजेची खोली का? "हो," म्हणालास, "तसंच काहीतरी."

आठ बाय चार फुटांचं प्लायवूड, त्यावर साडेसोळा मिलिमीटरचा रूळ, एक स्टेशन, कागदाच्या लगद्याचा एक डोंगर. लोकांना वाटायचं म्हातारा खेळतो. खेळणं त्यात फार थोडं होतं हे मलाच ठाऊक. सगळा रविवार गाडीची चाल सुधारण्यात जायचा. रूळ कापडानं पुसायचे, बोटावर काळं येईनासं होईपर्यंत. प्रत्येक जोडीतल्या दोन चाकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजायचं. सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन आसाला लावायचा. हलक्या डब्यांच्या पोटात शिशाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे ते रुळावर नीट बसतात. आणि शेवटची परीक्षा: सपाट, उघड्या मालडब्यावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायचं आणि गाडी पूर्ण फेरी न्यायची. नाणं पडलं की तू माझ्याकडे बघायचास. "तुझा जॉइंट, अरू." मी म्हणायचो, "तुझं चाक." मग दोघंही भिंग घेऊन वाकायचो.

सुमन गेली त्यानंतरच्या रविवारी मी आलो नव्हतो. तू घरी आलास, मला स्कूटरवर बसवून घेऊन गेलास आणि कंट्रोलर माझ्या हातात दिलास. तोवर तू तो कुणाला देत नव्हतास. मी गाडी जोरात सोडली आणि ती पहिल्याच वळणावर उलथली. तू सगळे डबे गोळा करून पुन्हा रुळावर चढवलेस. मी परत उलथवली. तू परत चढवलेस. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. शेवटी मी रडायला लागलो तेव्हा म्हणालास, "आता हळू घे." त्या एका दुपारबद्दल तुला काही म्हणायचं राहून गेलं. आता म्हणतो. तू नसतास तर मी त्या वर्षी बुडालो असतो.

आणि तो रिकामा डबा.

बाकी सगळ्या डब्यांत तू शिसं भरलंस, त्याच्यात नाही. साहजिकच तो त्या वळणावर घसरायचा. दहातल्या तीन-चार फेऱ्यांत. चाकं मोजली तर बरोबर. रूळ मोजला तर बरोबर. मी वैतागून म्हणालो, "अरे, घाल ना थोडं वजन, विषय संपेल." तू भिंगातून डोळा न काढता म्हणालास, "तो रिकामाच पडला होता ना."

तेव्हा मला कळलं की तू त्या खोलीत इतकी वर्षं काय करत होतास.

पस्तीस वर्षांपूर्वीचं ते वळण. आपण दोघं तरुण अधिकारी, एकाच डिव्हिजनमध्ये. रिकामी मालगाडी वळणावर घसरली. माणूस मेला नाही, पण लाइन दिवसभर बंद. आपल्याला संयुक्त टिपण द्यायचं होतं, कारण एक लिहायचं होतं, आणि वरून निरोप होता की संध्याकाळपर्यंत हवं. पहिल्या घसरलेल्या डब्याची एका बाजूची स्प्रिंग दबलेली होती, आणि डबे तुझी जबाबदारी. तू ती पाहिलीस, डायरीत लिहिलीस आणि डायरी खिशात ठेवलीस. मी ते बघितलं. वळणाच्या सुरुवातीला बाहेरचा रूळ चढतो, तो चढ नीट नव्हता. ती माझी जबाबदारी होती. मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'चाव्या सैल आढळल्या.' रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी चाव्या. त्या रोज हातोड्यानं ठोकत मैलोन्‌मैल चालणारा माणूस म्हणजे कीमन. त्या सेक्शनचा कीमन रामसजीवन. गाडी वरून घसटत गेल्यावर चाव्या सैल होणारच, हे पोरालाही समजेल. आणि मी त्या मोजल्याही नव्हत्या.

आपण दोघांनी सह्या केल्या. रामसजीवनला नोकरीतून काढलं. आपल्याला बढत्या मिळत गेल्या, मानक नगरला आलो आणि मग जन्मभर भांडत राहिलो, चाक की रूळ, चाक की रूळ. त्या एका वळणाचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मी आलो तर डबा पडेना. वीस फेऱ्या झाल्या. मी विचारलं, काय केलंस? तू हसलास. "एका जाणकाराला दाखवलं." कोण ते सांगितलं नाहीस. मला वाटलं इंटरनेटवरचा कुणी गोरा म्हातारा असेल.

आणि मग तो शेवटचा रविवार. चहा झाला, तू टेबलाच्या खणातून एक कागद काढलास. "रामसजीवनचं नाव साफ व्हावं म्हणून अर्ज लिहिलाय. तुझी सही हवी."

मी कागदाला हात लावला नाही. काय काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "पस्तीस वर्षांनी तुला जाग आली? तो माणूस आहे की नाही ते तरी माहीत आहे का? कोण वाचणार हे? उद्या पोरींना काय सांगणार, बाप खोटं लिहून मोठे झाले?"

"वाच तरी, अरू."

"मला वाचायचं नाही. तू तुझं मॉडेल चालव आणि त्यातून काय सिद्ध करायचं ते कर."

"मॉडेल काही सिद्ध करत नाही रे," तू म्हणालास. "एवढंच की मग विसरता येत नाही."

मी चपला घातल्या. तू जिन्यापर्यंत आलास आणि वरूनच म्हणालास, "पुढच्या रविवारी येशील ना?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी आलो नाही. वहिनी सांगत होत्या, तू दोन कप आणून ठेवले होतेस. त्यानंतरच्या मंगळवारी तू गेलास.

तुझी केतकी बंगळूरहून आली. पोरगी रडली नाही, सगळं बघत राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिली. चौथ्या दिवशी मला गाठून म्हणाली, "काका, सच बताइए, पापा किसी बात से परेशान थे? मम्मी कहती हैं आप उस संडे आए नहीं।" मी म्हणालो, "नाही गं, माझं गुडघ्याचं दुखणं." तिनं मान हलवली. तिच्या लहानपणी ती माझ्याशी मराठीत बोलायची. कधी सुटलं कोण जाणे. मला मात्र त्या क्षणी बरं वाटलं की आम्ही दोघं वेगवेगळ्या भाषेत बोलतो आहोत. खोटं बोलायला तेवढी फट पुरली.

तेराव्याला दुपारच्या पंगतीच्या वेळी एक म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. धोतर, खांद्यावर गमछा, हातात मटारच्या शेंगांची पिशवी. वहिनी लगबगीनं पुढे झाल्या. "आइए रामसजीवनजी, आइए।" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे मलीहाबादकडचे. ह्यांचे जुने ओळखीचे. यायचे अधूनमधून, वर गाडी बघायला."

पस्तीस वर्षांत माणूस किती बदलतो, पण चाल बदलत नाही. स्लीपर मोजत चालल्यासारखी ती पावलं मी ओळखली. त्यानंही मला ओळखलं. "अरविंद साहब," म्हणाला आणि हात जोडले.

जेवण झाल्यावर त्याला वर खोलीत जायचं होतं. वहिनींनी मलाच पाठवलं सोबत. तो रुळाशी उकिडवा बसला आणि सांगू लागला. चार वर्षांपूर्वी तू त्याला शोधत आंब्याच्या बागेत गेलास, तिथे तो राखणीला होता. तू म्हणालास की स्प्रिंगची गोष्ट मी लपवली, चूक माझी होती. "पहले दिन तो हमने कह दिया, जाइए यहाँ से," रामसजीवन म्हणाला. "चाय भी नहीं पूछी। हमारी घरवाली इसी दुख में गई थी, साहब। ये फिर आए। तीसरी बार आए तब हमने खटिया डाली।"

मग तू त्याला लखनौला घेऊन आलास, हा रूळ दाखवलास. त्यानं खिडकीजवळच्या वळणावर बोट फिरवून दाखवलं. "यहाँ ढाल एकदम से चढ़ रहा था। धीरे-धीरे चढ़ना चाहिए। हमने कहा, पोस्टकार्ड लाइए।" बाहेरच्या रुळाखाली त्यानं पोस्टकार्डाचे तुकडे सरकवले होते. आधी एक, मग दोन, मग तीन. जे मी, रुळांचा माणूस, भिंग घेऊन नऊ वर्षं शोधत होतो. की शोधत नव्हतो? कारण तो चढ माझाच होता, तेव्हाही.

"बड़े साहब हमेशा यही कहते थे," तो उठता उठता तुझ्याबद्दल म्हणाला, "कि अकेले मेरी गलती थी।"

मला बोलायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "बस कितने बजे है आपकी?"

त्या संध्याकाळी मी वहिनींकडून खणातला कागद मागून घेतला आणि परतीच्या मेट्रोत उभ्यानंच वाचला. मुकुंदा, त्यात मी नव्हतोच. दोन पानं, सगळीकडे 'मी': मी स्प्रिंग पाहिली, मी नोंद दडवली, मी त्या माणसाचं नुकसान केलं. चाव्यांबद्दल अक्षर नाही. माझं नाव एकदाच, शेवटी: वरील घटनेच्या वेळी श्री. अरविंद हजर होते, ते साक्षीदार. तुला माझी कबुली नको होतीच. साक्षीदार म्हणून सही हवी होती. आणि मी न वाचता तुला नाही नाही ते बोललो. 'वाच तरी' म्हणालास, दोनच शब्द. माझं स्टेशन कधी गेलं कळलं नाही. एअरपोर्टपर्यंत जाऊन परत आलो.

पुढचे पाच दिवस घराबाहेर पडलो नाही. सहाव्या दिवशी मलीहाबादची बस धरली.

बागांना मोहर धरला होता. रामसजीवन झाडाखाली खाटेवर बसला होता. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर मी पुन्हा विषय टाळून मोहराबद्दल बोललो असतो. मी म्हणालो, "चाबियाँ ढीली थीं, ये मैंने लिखा था। मैंने गिनी नहीं थीं। ढाल की गलती मेरी थी। मुकुंद ने आपसे झूठ कहा। वो अकेला नहीं था।"



"मालूम है, साहब," तो म्हणाला. "आप उस तरफ़ आए ही नहीं थे। हम तो वहीं खड़े थे, हथौड़ा लेकर।"

तो खाटेवर थोडा सरकला.

"और कागज़ की नकल हमको भी मिली थी। आज भी पेटी में है। दस्तख़त दो हैं।"

"तो फिर मुकुंद जब कहता था कि अकेला मैं..."

"हम सुन लेते थे। उनको अच्छा लगता था आपको बचाना। हमने सोचा, बचाने दो।"

मी माफीचा शब्द काढला. त्यानं हात वर केला, त्यात राग होता आणि तो त्यानं लपवला नाही. "माफ़ी मत माँगिए। माफ़ी का हम क्या करेंगे। लिख दीजिए, जैसा हुआ वैसा।"

तिथेच, त्याच्या खाटेच्या कडेला बसून मी लिहिलं. चाव्यांचं, चढाचं, न मोजण्याचं. तुझी दोन पानं सोबत जोडली. तो शेजारी बसून माझ्याकडून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेत होता आणि एका ठिकाणी त्यानं मला थांबवलं. मी लिहिलं होतं, 'अनजाने में.' तो म्हणाला, "अनजाने में नहीं था, साहब।" मी तो शब्द खोडला.

पत्र परवा रजिस्टर पोस्टानं रेल्वेच्या ऑफिसला गेलं. त्याचं काय होईल मला माहीत नाही. ती माणसं रिटायर झाली, ती फाइल असेल की नसेल. केतकीला फोन करून सगळं सांगितलं, गुडघ्याच्या थापेसकट. ती म्हणाली, "काका, हे तुम्ही पप्पांना सांगायला हवं होतं." मराठीत म्हणाली.

तेच तर. तुला सांगायला हवं होतं. आता सांगतो आहे, आणि तू नेहमीसारखा ऐकून घेत असशील, डोळा भिंगाला लावून.

एक मात्र मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगणारं आता कुणी नाही. चार वर्षं तू त्या माणसासमोर माझ्या वाटणीचंही स्वतःच्या अंगावर घेत राहिलास. मला एकदाही म्हणाला नाहीस, चल, एकदा भेटून येऊ. मला वाचवत होतास, की मी येणारच नाही हे तू धरून चालला होतास? रामसजीवन म्हणतो, वाचवत होते. त्याचं मन मोठं आहे. मी मात्र तुला चाळीस वर्षं ओळखतो. एखादा डबा कुठल्या वळणावर पडणार, हे तुला आधी कळायचं. तू असेपर्यंत माझ्याबाबतीत तुझा अंदाज चुकला नाही.